काळ्या मातीतली जास्वंद

जास्वंदीचं फूल एका दिवसाचं. सकाळी उमललं की संध्याकाळी मिटायला लागतं आणि दुसऱ्या दिवशी गळून पडतं. काही संकरित जातींचं फूल दोन-तीन दिवस टिकतं. म्हणजे ज्या घरी रोजच्या पूजेला पाच-सात लाल फुलं हवी असतात, तिथल्या झाडाला रोज नव्याने पाच-सात फुलं घडवावी लागतात, आणि त्यातली एकही कळी जुन्या, खाकी पडलेल्या फांदीवर धरत नाही. कळी येते ती नव्या कोंबावर, पानाच्या बेचक्यात. म्हणून इंदूरच्या घराघरांतून ‘जास्वंदीला फुलं येत नाहीत, कुठलं खत घालू?’ असं विचारलं जातं, तेव्हा मला आधी विचारावंसं वाटतं की झाडाला शेवटची नवी फांदी कधी आली होती? वाढ चालू आहे तोवर फुलं आहेत. वाढ अडली की फुलं थांबली. मग शोधायचं ते एवढंच, की वाढ कुठे अडली आहे.

जोमात असलेल्या झाडाचा एखादा शेंडा हातात धरून बघा. टोकाला कोवळी, चकचकीत, पोपटी पानं. त्याखालच्या दोन-तीन पानांच्या बेचक्यांत मुगाएवढ्या कळ्या, भोवती हिरव्या बारीक पात्यांचं कडं. आणखी खाली देठ लांबलेला, कळी बोटाच्या पेरापेक्षा मोठी. आणि सगळ्यात खाली उद्याची कळी, हिरव्या पेल्यातून लाल पाकळ्यांची गुंडाळी वर आलेली. पुढच्या तीन-चार आठवड्यांची फुलं त्या एका वीतभर फांदीवर ओळीने बसलेली असतात. हे एकदा नीट पाहिलं की शेंड्याची किंमत कळते, आणि फूल तोडताना शेंड्यासकट ओरबाडणाऱ्या हाताने काय गेलं तेही कळतं. फुलाच्या देठावर, वरच्या भागात, एक बारीक सांधा असतो. फूल आपणहून गळतं तेही तिथूनच. दोन बोटांनी देठ धरून त्या सांध्यावर हलकेच वाकवलं की फूल सुटून हातात येतं, फांदीला धक्का लागत नाही. पहाटे घाई असेल तर आदल्या संध्याकाळी टपोऱ्या कळ्या काढून ठेवाव्यात. त्या ताटलीत, पाण्याशिवायसुद्धा, सकाळी उमलतात.

आता मातीकडे येऊ, कारण माळव्यात जास्वंदीची अर्धी दुखणी मातीतली असतात. आपली काळी माती कापसाची, गव्हाची, सोयाबीनची. ती पाणी धरून ठेवते, ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसून भेगाळते. शेताला हा तिचा गुण आहे. जास्वंदीच्या मुळांना मात्र पाण्याइतकीच हवाही लागते, आणि ती इथे कमी पडते. जमिनीत लावायची तर दोन फूट खोल खड्डा करून त्यात छान भुसभुशीत मिश्रण भरायचं, असं सगळीकडे सांगितलं जातं. काळ्या मातीत हे अंगाशी येतं. भोवतीची चिकण माती पाणी पुढे जाऊ देत नाही, सैल मिश्रणात मात्र ते भराभर शिरतं, आणि जुलैत तो खड्डा म्हणजे भरलेली बादलीच होते. ऑगस्टात झाड मलूल दिसतं, आपण पाणी कमी झालं समजून आणखी ओततो, आणि तळाशी मुळं कुजतात. त्यापेक्षा खड्डा उथळ, फूटभराचाच घ्यावा, पण चांगला तीन फूट रुंद. निघालेल्या मातीत तिच्या निम्म्याने जाडी रेती किंवा बारीक मुरूम आणि तेवढंच जुनं शेणखत मिसळून ती परत अशी भरावी, की जमिनीपासून आठ-दहा इंचांचा उंचवटा होईल. रोप त्या उंचवट्यावर लावायचं. पावसाचं पाणी बाजूने उतरून जातं आणि मुळं आपल्या गतीने खालच्या काळ्या मातीत उतरतात. एकदा उतरली की मग मे महिन्यात हीच माती उपकार करते.

कुंडीत काळी माती कमीच बरी. दोन भाग माती, दोन भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, दोन भाग जाडी रेती, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), आणि पसाभर निंबोळी पेंड. कुंडी आधी १० इंची, मुळं तिच्यात भरली की १४ इंची. चार इंची पिशवीतलं रोप एकदम मोठ्या कुंडीत लावू नये. मुळं पोहोचत नाहीत तिथली माती दिवसेंदिवस ओली राहते आणि आंबते.

कुंडीतल्या काळ्या मातीची आणखी एक फसवणूक आहे. उन्हाळ्यात दोन दिवस पाणी चुकलं की मातीचा गोळा आक्रसतो आणि कुंडीच्या कडेपासून सुटतो. मग वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं, तळाच्या भोकातून बाहेर येतं, आणि बघणाऱ्याला वाटतं की झाड भरपूर प्यालं. आत गोळा कोरडाच. कळ्या पिवळ्या पडून गळायला लागतात. अशी कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात ठेवावी, बुडबुडे थांबले की काढावी, आणि कडेची फट मिश्रण भरून दाबून टाकावी. कुंडी उचलण्याजोगी नसेल तर थोडं पाणी घालून पंधरा मिनिटं थांबावं, परत घालावं, आणि असं तीन-चार वेळा करावं.

पाण्याबद्दल इंदूरकरांना वेगळं सांगायला नको. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून नर्मदेचं पाणी चढवून आणलं जातं, ते १९७८ पासून शहरात येतंय. ते असेल तर झाडाला काही अडचण नाही. बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. मातीच्या कुंडीवर जो पांढरा थर चढतो तो त्यातल्या क्षारांचा. आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी वाचवून झाडांना घालणारे पुष्कळ आहेत. हेतू चांगला, पण क्षार त्यातच एकवटलेले असतात. ते फरशी पुसायला वापरा. उलट एसीच्या नळीतून ठिबकणाऱ्या पाण्यात क्षार जवळपास नसतात, ते जास्वंदीला खुशाल द्या. पावसाचं तर सोन्यासारखं.

चुनखडीयुक्त काळी माती आणि वर जड पाणी, या जोडीचा परिणाम पानांवर वाचता येतो. शेंड्याची नवी पानं पिवळी, पण शिरा हिरव्यागार, हिरव्या रेघांची जाळी उठून दिसते: ही लोहाची कमतरता. लोह मातीत असतं, पण अशा विम्लधर्मी (आम्लाच्या उलट, अल्कलाइन) मातीत ते मुळांना उचलता येत नाही. खालची जुनी पानं शिरांच्या मधून पिवळी पडत असतील तर मॅग्नेशियम कमी आहे. जुनं पान सगळंच पिवळं होऊन गळत असेल, आणि अशी चार-दोनच असतील, तर पान म्हातारं झालं एवढाच अर्थ. ऋतू बदलताना जास्वंद अशी पानं टाकतेच. पण भराभर, खालून वर पिवळी पडत चालली तर मुळाशी पाणी साचलंय का ते आधी बघा. हा फरक न करता ‘पानं पिवळी पडली, खत घाला’ असं करणं म्हणजे ताप कशाचा ते न बघता गोळी देणं.

लोहासाठी हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, दोन-तीन ग्रॅम लिटरभर पाण्यात, लिंबाचे चार थेंब टाकून, संध्याकाळी पानांवर फवारावं. दहा दिवसांनी परत. मातीत टाकलेलं हिराकस आपल्याकडे लवकर निकामी होतं. मुळांवाटे द्यायचं तर चिलेटेड लोह, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रेणूत धरून ठेवलेलं लोह घ्यावं, आणि पाकिटावर ‘ईडीडीएचए’ लिहिलेलं बघून घ्यावं. स्वस्तातलं ‘ईडीटीए’ जास्त सामूच्या (पीएचच्या), म्हणजे विम्लधर्मी मातीत टिकत नाही. १४ इंची कुंडीला दोन ग्रॅम, दोन लिटर पाण्यातून, दोन-तीन महिन्यांत एकदा. मॅग्नेशियमसाठी एप्सम मीठ, लिटरला दोन-तीन ग्रॅम, फवारूनच. दोन्ही एकाच दिवशी नको.

घरगुती उपायांपैकी काही माळव्याच्या मातीला मुळीच मानवत नाहीत, हे स्पष्ट सांगायला हवं. चुलीची राख, अंड्याची टरफलं, चुना: हे सगळं कोकणातल्या आंबट तांबड्या मातीला ठीक. आपली माती आधीच दुसऱ्या टोकाला आहे, तिच्यात हे घालून लोह आणखी अडकवायचं कशाला? हाडांचा चुरा आणि डीएपी ही स्फुरदाची (फॉस्फरसची) खतंही जास्वंदीला टाळावीत. फुलांसाठी स्फुरद, हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी बसलंय, पण जास्वंदीला स्फुरद थोडंच लागतं; जास्त झालं की लोह आणि जस्त उचललं जात नाही. तिला हवं ते नत्र आणि पालाश. महिन्यातून एकदा कुंडीला दोन ओंजळी गांडूळखत, आणि वाढीच्या दिवसांत पंधरा दिवसांनी पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे १३:०:४५, लिटरला एक ग्रॅम, आधी साधं पाणी देऊन मग. मोहरीची पेंडही चांगली: १०० ग्रॅम लिटरभर पाण्यात चार दिवस भिजवून, दहापट पाणी घालून. पावसाळ्यात मात्र नको, वास सुटतो आणि माश्या येतात.

इंदूरात राहून कंपोस्ट विकत आणावं लागणं मला पटत नाही. जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखलं जाणारं कंपोस्ट इथेच, आज जिथे कृषी महाविद्यालय आहे तिथे, १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड या शास्त्रज्ञांनी बसवलं. पालापाचोळा, शेण, गोमूत्र मुरलेली माती, थोडी लाकडाची राख, यांचे थर, ओलावा राखायचा, तीनदा खालीवर करायचं, तीन महिन्यांत खत तयार. राख त्या ढिगात आंबटपणा मोडायला होती आणि प्रमाणात होती. ती तिथे शोभते, कुंडीत थेट ओतलेली नाही. गच्चीवर हेच ड्रममध्ये करता येतं: एक भाग भाजीचं ओलं, दोन भाग वाळकी पानं, मध्ये मूठमूठ जुनं खत. शिजलेलं अन्न, लोणच्याचा खार, शेव-फरसाणाचा चुरा त्यात जाऊ देऊ नका. ते मीठ शेवटी कुंडीत येतं आणि पानांच्या कडा करपतात.

ऋतूंचं गणित इथे पुण्या-मुंबईहून वेगळं. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा सात-आठ अंशांवर उतरतो, आणि १० अंशांखाली जास्वंद वाढ बंद करते. कळ्या तशाच अडून बसतात, पानं पिवळट होतात. अशा वेळी खत घालून तिला उठवू नये. पाणी तीन-चार दिवसांनी, तेही सकाळी. महाशिवरात्रीच्या आसपास थंडी मोडली की मुख्य छाटणी करावी. आधी मेलेल्या, आत वळलेल्या, एकमेकींना घासणाऱ्या फांद्या मुळापासून काढा. उरलेल्यांचा वरचा एक तृतीयांश भाग, बाहेर तोंड केलेल्या डोळ्याच्या (जिथून कोंब फुटतो त्या गाठीच्या) पाव इंच वर, तिरका कापा. कात्री धारदार हवी. चेचलेली फांदी वरून खाली वाळत जाते. झाड फार जुनं, लाकूड झालेलं असेल तर निम्म्या फांद्या आता आणि निम्म्या महिन्याने. दिवाळीनंतर मोठी छाटणी करणं चूक, कारण कोवळे कोंब नेमके थंडीत सापडतात. मे महिन्यात करणंही चूक, उघडी पडलेली साल उन्हाने भाजते.

मे महिन्यात ४२-४३ अंशांत कळ्या गळणारच, ते मनाला लावून घेऊ नये. सकाळचं ऊन, दुपारी सावली किंवा ५० टक्क्यांची हिरवी जाळी, मातीवर दोन इंच पाचोळ्याचं आच्छादन, सकाळी भरपूर पाणी. मातीच्या कुंडीला संध्याकाळीही. दुपारी पानं माना टाकतात. माती ओली असेल तर पाणी घालू नका, दुसऱ्या दिवशी सकाळी बघा. पहाटे ताठ झाली असतील तर ती नुसती उन्हाची मरगळ. पहाटेही लोळलेली असतील तर दुखणं मुळात आहे.

गणपतीसाठी बहर साधायचा तर उलटं मोजायचं. शेंडा खुडल्यापासून नवे कोंब फुटून त्यांवर फुलं यायला आठ ते दहा आठवडे लागतात. पण चतुर्थी दरवर्षी सरकते. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता म्हणून ती १९ सप्टेंबरला आली, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला, आणि २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे १४ सप्टेंबरला. झाडाला तिथी कळत नाही, आपल्याला कळते. २०२५ च्या गणपतीला जूनच्या मध्याला खुडणं हवं होतं, २०२६ साठी जुलैचा पहिला आठवडा योग्य. खुडणं म्हणजे छाटणी नव्हे. शेंड्याचा दीड-दोन इंच भाग चिमटीने काढायचा. सगळं झाड एकदम खुडू नका. निम्मे शेंडे पहिल्या आठवड्यात, निम्मे पंधरा दिवसांनी, म्हणजे दहाही दिवस थोडी थोडी फुलं राहतात. पावसाळ्यातल्या ढगाळ दिवसांत ऊन कमी पडतं आणि बहर लांबतो, तेव्हा कुंडी त्या दिवसांत सगळ्यात उजेडाच्या जागी हलवावी. खत खुडल्यानंतर आठवड्याने, नवे डोळे हलताना दिसले की.

पाणी, ऊन, खत सगळं नीट असूनही कळ्या गळत असतील तर गळलेली कळी फेकू नका, नखाने उभी चिरा. आत काही नसेल तर कारण उष्णता, पाण्याची ओढ किंवा फुलकिडे. आत बारीक पिवळट-पांढऱ्या अळ्या वळवळताना दिसल्या, ताटलीत टाकल्यावर टुणकन उडाल्या, तर ती कळीमाशी. ती कळीत अंडी घालते, अळी कळी खाऊन मातीत उतरते, तिथे कोष करते, आणि तीनेक आठवड्यांत नवी पिढी तयार. फवारा कळीच्या आत पोहोचत नाही. उपाय कष्टाचा पण हमखास: रोज सगळ्या गळलेल्या आणि पिवळ्या पडू लागलेल्या कळ्या गोळा करायच्या आणि पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवून मग टाकायच्या, कंपोस्टात नाही. महिनाभर नेमाने केलं की साखळी तुटते.

पिठ्या ढेकूण मात्र जास्वंदीचा जन्माचा सोबती. खोडावर मुंग्यांची रांग दिसली की शेंड्याशी पांढरा कापूस शोधा. मुंग्या त्याच्या गोड चिकट्यासाठी येतात आणि त्याची राखण करतात. गुलाबी पिठ्या ढेकणाने शेंडा आखडतो, पानं चुरगळून गुच्छासारखी होतात. असे शेंडे कापून पिशवीत बांधून टाकावेत, ते पुन्हा सरळ होत नाहीत. बाकीच्यांवर आधी पाण्याचा जोरदार फवारा, मग संध्याकाळी निंबोळी तेल लिटरला पाच मिली. दोन मिली पातळ साबण आधी पाण्यात घोळवून मगच तेल घाला, नाहीतर ते वर तरंगतं आणि पानं भाजतात. पाच-सहा दिवसांनी पुन्हा, तीन वेळा. एक गोष्ट मात्र भिंग घेऊन बघावी. कापसासारख्या लांब पांढऱ्या झुपक्यांचा, ढेकणापेक्षा बराच मोठा आणि तुरुतुरु चालणारा किडा दिसला तर हात आवरा. ती क्रिप्टोलेमस या भुंग्याची अळी. दिसते पिठ्या ढेकणासारखी आणि खाते पिठ्या ढेकणालाच. ती असेल त्या फांदीवर फवारू नये.

रोप घेताना मोह आवरावा. नर्सरीत ‘गुडहल’ म्हणून जी ताटलीएवढ्या फुलांची, नारिंगी-जांभळी, दोन रंगांची ठेंगणी रोपं मांडलेली असतात, ती पुष्कळदा कलमी असतात आणि वाढ रोखणारं औषध दिलेली. औषधाचा असर ओसरला की झाड उंच होतं, फुलं कमी दिसतात, आणि घेणाऱ्याला आपलंच काही चुकलं असं वाटतं. तसं नसतं, त्यांना वेळ द्यावा, आणि कलमाच्या सांध्याखालून फुटलेला कोंब दिसताच काढावा. बाहेरून आलेल्या रोपाच्या मुळाशी चिकणमातीचा घट्ट गोळा असेल तर तो पाण्यात भिजवून बाहेरून हलक्या हाताने सैल करावा, अख्खा फोडू नये. माझं मत विचाराल तर इंदूरच्या अंगणाला पहिलं झाड साधी पाच पाकळ्यांची देशी लाल जास्वंदच असावी. थंडी, ऊन, जड पाणी, सगळं ती सोसते, आणि देवालाही तीच लागते.

ती विकत घेण्याचीही गरज नसते. जुलैत कुणाच्याही झाडाची पेन्सिलीएवढी जाड, ना अगदी हिरवी ना अगदी लाकूड झालेली काडी, सहा इंचांची घ्या. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, तिरका. वरची दोन पानं ठेवून तीही अर्धी कापा, बाकी काढा. तीन भाग रेती, दोन भाग कोकोपीट, त्यात दोन डोळे बुडतील एवढी खोचा आणि माती दाबा. सावलीत ठेवा, वरून पारदर्शक पिशवी सैल घाला, रोज एकदा उघडून हवा द्या. नवं पान आलं म्हणून उपटून बघू नका. काडीत साठलेल्या रसावरही पान फुटतं. चार ते सहा आठवड्यांनी काडी हलकेच ओढून बघा. तिने जागा धरली असेल तर मुळं आली. पाच काड्या लावाव्यात, दोन-तीन लागतात. उरलेली रोपं शेजारी देताना उंचवटा करून लावायचं तेवढं सांगून द्या.